सीलबंद खुंट्या

माझ्या धाकट्या दिरांनी एका सकाळी मला वरच्या मजल्यावर बोलावून घेतलं, ते पंच म्हणून.

"वहिनी, चष्मा घेऊन या," ते जिन्यातूनच म्हणाले. "आणि घाईत येऊ नका. नीट बघून सांगायचंय."

मी चष्मा घेऊन वर गेले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर गिटार आडवी ठेवली होती आणि भावोजी हातात पक्कड घेऊन तिच्यावर वाकले होते. गिटारीच्या मानेच्या टोकाला सहा खुंट्या असतात. त्या पिळल्या की तार चढते, सैल केल्या की उतरते. त्या सहाही खुंट्यांभोवती त्यांनी बारीक पिळाची तार ओवली होती आणि तिच्या टोकांना शिशाच्या गोळ्या दाबून बसवत होते. वीजमीटरला असतात तसली सीलं.

"हे काय चाललंय, भावोजी?"

"बंदोबस्त. आता कोणी खुंटीला हात लावला तर एक तर पिळाची तार तुटेल, नाहीतर गोळी. प्रत्येक गोळीवर माझी खूण आहे. दिसली?"

"दिसली."

"सहाही?"

"सहाही दिसल्या."

"मग तुम्ही पंच. उद्या शब्द फिरवाल, म्हणून आत्ताच विचारून ठेवतोय."

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून उभी होती. गळ्यात हेडफोन, हातात चहाचा कप. हा बंदोबस्त कोणाविरुद्ध होता ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

भावोजींनी सगळी नोकरी वीज कंपनीच्या तपासणी पथकात काढली, म्हणजे लोकांच्या मीटरांवर संशय घेण्यात काढली. मीटरच्या काचेला केसाएवढं भोक पाडून आतली चकती अडवणारे, मागून लोहचुंबक लावणारे, सील कापून पुन्हा चिकटवणारे, असे सगळे त्यांनी पकडले. त्या हकिकती ते जेवताना सांगत, आणि प्रत्येकीचा शेवट एकच असे. पकडला गेलेला माणूस म्हणे, "साहेब, मी काही केलं नाही. मीटर आपोआप मंद झाला." इथे भावोजी घास हातात धरून हसायचे. "आपोआप! या जगात आपोआप फक्त धूळ साठते, वहिनी."

माझी जाऊ होती तोवर ती हे सगळं थट्टेवारी न्यायची. "मला तेवढं सील लावायचं राहिलंय," असं त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि त्यांनाही हसू यायचं. ती गेली, पाठोपाठ ते निवृत्त झाले, आणि त्यांचा संशय घरात बिऱ्हाडाला आला. पावाची लादी दाबून बघायची, औषधाच्या बाटलीचं झाकण उजेडात धरायचं, लिफ्टमधल्या आरशात मागच्या माणसाचे हात न्याहाळायचे. ऑफिसातलं 'सीलसाहेब' हे नाव इमारतीत कसं पोहोचलं कोणास ठाऊक, पण पोहोचलं. ते कोणी पोहोचवलं याचीही त्यांनी चौकशी केली होती.

गिटार त्यांच्या मुलाची. कॉलेजात असताना हौसेने घेतलेली, नंतर कपाटावर पडलेली. मुलगा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. एकदा घरी आला असताना बापलेकांचा साबणाच्या वडीवरून खटका उडाला, वडी कोण जास्त झिजवतं यावरून, तेव्हा त्याने स्टूल घेऊन गिटार खाली काढली आणि बापाच्या मांडीवर ठेवली. "बाबा, काहीतरी शिका. नाहीतर उद्या तुम्ही आम्हालाही सील लावाल."

हे बोलणं थट्टेवर गेलं असतं, पण तिथे नात होती. शाळेत नुकतंच गाणं शिकून आली होती. "आजोबा, तुम्ही वाजवा, मी म्हणते," ती म्हणाली. भावोजी जगात कोणाचं ऐकत असतील तर तिचं.

मी त्यांना माझ्या मैत्रिणीकडे पाठवलं. आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटमध्ये, एकाच सिस्टरच्या हाताखाली शिकलो. त्या सिस्टर पहिलं वर्षभर पियानोचं झाकण उघडू द्यायच्या नाहीत. पाच रेघा, चार मोकळ्या जागा, कुठल्या रेघेवर कोणता सूर, एवढंच. मी सगळ्या रेघा पाठ करून बाहेर पडले आणि आजतागायत मला एकही गाणं वाजवता येत नाही. मैत्रीण मात्र त्याच रेघांवरून चालत जाऊन शाळेत संगीताची बाई झाली, पुढे गिटारही शिकवू लागली. तेव्हा आधी थिअरी शिकावी की सरळ गाणी उचलावीत, या वादात मला साक्षीला बोलावू नये. मी दोन्हीकडून बोलेन.

बाईंनी भावोजींना एकही गाणं दिलं नाही. सूर म्हणजे काय, दोन सुरांमधलं अंतर म्हणजे काय, बोट एक घर पुढे सरकलं की सूर किती चढतो, असं आठवडेच्या आठवडे चाललं. मग त्यांनी तारा जुळवणं काढलं. गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. जाड तार पाचव्या पट्टीपाशी दाबून छेडली की जो सूर निघतो, तोच तिच्या शेजारच्या मोकळ्या तारेचा असायला हवा. असं करत एका तारेवरून पुढची तपासत जायचं. फक्त एका तारेच्या बाबतीत पाचवीऐवजी चौथी पट्टी.

त्या दिवशी ते थेट माझ्याकडेच आले, चपलासुद्धा न काढता.

"वहिनी, तुमच्या मैत्रिणीकडे कुठेतरी पाणी मुरतंय."

"काय झालं?"

"सगळ्या तारांना पाच. एकीलाच चार. का, विचारलं, तर म्हणतात, नंतर कळेल."

"मग कळेल नंतर."

"ज्याला आत्ता सांगता येत नाही तो नंतर काय सांगणार? असं म्हणणाऱ्याचा मीटर मी सगळ्यात आधी उघडायचो. आणि एवढे दिवस झाले, गाणं एक नाही. दिवा लावायचाच नाही, नुसती वायरिंगची चर्चा!"

झालं. बाईंची शिकवणी सुटली.

कोपऱ्यावर वाद्यदुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानदार गलेलठ्ठ, हसरा, काउंटरच्या मागून क्वचितच उठणारा. तो गिऱ्हाइकांना गाणी शिकवतो. "थिअरी काय करायचीय, काका?" तो म्हणाला. "तुम्हाला वाजवायचंय की परीक्षेला बसायचंय? हे बोट इथे, हे इथे, हे इथे. झाला कॉर्ड. असे चार शिका, निम्मी दुनिया वाजवाल." त्याने जुन्या गंजलेल्या तारा उतरवून नायलॉनच्या नव्या कोऱ्या बसवल्या, आणि बसवता बसवता म्हणाला, "नव्या आहेत, काही दिवस उतरत राहतील. दर आठवड्याला या, मी लावून देईन." भावोजींनी ते ऐकलं, पण गिऱ्हाईक परत येत राहावं म्हणून केलेली सोय, एवढाच त्याचा अर्थ लावला.

गाणं मात्र आलं. दुकानदाराने मानेवर रंगीत ठिपके चिकटवून दिले होते. लाल ठिपक्यांचा एक कॉर्ड, निळ्यांचा दुसरा. भावोजींच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले, ते मला दाबून बघायला लावायचे. नात समोर उभी राहून गायची, ते लाल, निळा, हिरवा, पुन्हा लाल असं पुटपुटत वाजवायचे. मला ऐकायला आवडायचं, हे मी नाकारत नाही. बाईकडे आठवडेच्या आठवडे जाऊन जे झालं नाही ते इथे पंधरवड्यात झालं होतं.

मग एका संध्याकाळी नात मध्येच थांबली.

"आजोबा, असं नाहीये ते."

"कसं नाहीये?"

"वाकडं वाजतंय."

"बोटं ठिपक्यांवर आहेत की नाहीत, तूच बघ."

तिने वाकून बघितलं. बोटं बरोबर होती.

"मग तू चुकतेयस."

"मी नाही चुकत! गिटार चुकतेय."

भावोजींनी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि सगळ्याला तिथून वळण लागलं. बोटं जागेवर, पोरगी बरोबर, दुकानातून निघताना गिटारही बरोबर. याचा अर्थ मधल्या वेळात कोणीतरी हात मारला. ज्याला नुसत्या बोटांच्या जागा पाठ आहेत त्याला दुसरं सुचणार तरी काय? तार खरी आहे की खोटी हे त्याला ऐकून कळत नाही. बोट ठिपक्यावर आहे एवढंच कळतं.

दिवसा घरात कोण असतं? सून. ती कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकते, घरूनच. तिने एकदा म्हटलंही होतं, "बाबा, माझे कॉल चालू असताना जरा हळू." म्हणजे हेतूही मिळाला. त्यांनी तिला आडवळणाने विचारलं, गिटार जागची हलवली होतीस का. ती साधेपणाने म्हणाली, "नाही हो. तारा उतरतात, बाबा. आपोआप."

बिचारीने नेमका तोच शब्द वापरला.

दुकानदारानेही तेच सांगितलं. मी बाईला फोन केला, तीही तेच म्हणाली. "अगं, नव्या तारा ताणल्या जातात, त्यांना वेळ लागतो. रोज लावल्या की ठरतात." मी हे भावोजींना कळवलं. ते थंडपणे म्हणाले, "तिघांचा जबाब शब्दाला शब्द जुळला की समजायचं, आधी बसून ठरवलंय."

म्हणून तो पक्कड आणि शिशाच्या गोळ्यांचा बंदोबस्त. आदल्या दिवशी दुकानदाराकडून तारा लावून आणल्या होत्या. सील मारल्यावर भावोजी निर्धास्त झाले. सील तुटलं तर चोर सापडेल, नाही तुटलं तर गाणं नीट वाजेल, दोन्हीकडून फायदाच.

तिसरी गोष्ट घडली. सील तुटलं नाही आणि गाणं वाकडं वाजलं.

त्यांनी भिंगातून एकेक गोळी तपासली, मग मलाही तपासायला लावली. कुठे ओरखडा नाही, पिळाच्या तारेचा पीळ जसाच्या तसा. सील फोडणारा चोर त्यांना समजत होता. सील शाबूत ठेवणारा चोर म्हणजे आतला माणूस, आणि हुशार.

त्या दिवशी मी वरच जेवायला होते. सून वाढत होती. भावोजी ताटाकडे बघत म्हणाले, "सील न तोडता खुंटी फिरवायला कुठे शिकलीस?"

तिने भांड्यात पळी ठेवली. रागाने आपटली असती तर बरं वाटलं असतं, पण तिने ती अगदी हळू ठेवली.

"बाबा, मी घर बघून ठेवलंय," ती म्हणाली. "तीन खोल्या आहेत, पोरीच्या शाळेजवळ. त्यालाही सांगितलंय. वर्ष संपेपर्यंत थांबू, असं आमचं ठरत होतं. आता तुम्ही ठरवा. अजून एकदा माझ्यावर आळ घेतलात तर मी बांधाबांध सुरू करेन. मोठी काकू, तुम्ही पंच आहात ना? ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पॅसेजमध्ये पुठ्ठ्याचे खोके येऊन पडले.

भावोजी खाली येऊन माझ्या खिडकीपाशी बसले. त्यांच्या घरात तीन माणसं कमी झाली तर काय उरेल, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. जाऊ गेल्यावरच्या पहिल्या महिन्यात, मुलगा-सून राहायला येईपर्यंत, ते दोन्ही वेळा माझ्याकडे जेवायचे आणि ताटातलं तसंच टाकून उठायचे.

"खरंच जाईल?" त्यांनी विचारलं.

"जाईल. ती नुसतं बोलून दाखवणाऱ्यांतली नाही."

"मग चोर सापडायलाच हवा," ते म्हणाले. "सापडला की तिच्यावरचा संशय गेला. ती राहील."

मला हसावं की रडावं कळेना. त्यांना ती निर्दोष हवी होती. पण माणूस निर्दोष ठरवायचा एकच रस्ता त्यांना ठाऊक होता, तपासाचा.

आणि खरं सांगायचं तर संशय हा सर्दीसारखा असतो, शेजारी बसलेल्यालाही होतो. पियानो वर्षवर्ष उतरत नाही, मग ही दोन दिवसांत कशी उतरते, अशी पाल माझ्याही मनात चुकचुकत होती. एका दुपारी मी वर गेले तर सून गिटारीपाशी उभी, एक हात तिच्या मानेवर. मी दारातच थबकले. तिने वळून पाहिलं. दुसऱ्या हातात धूळ पुसायचं फडकं होतं.

"मोठी काकू, तुम्हीसुद्धा?"

"मी कुठे काय म्हटलं?"

"चष्मा पुसलात."

मी उगीच आणलेला डबा टेबलावर ठेवून खाली आले.

शेवटी भावोजींनी सापळा लावला. गिटार पुन्हा दुकानातून लावून आणली, पुन्हा सहा सीलं, पुन्हा मी पंच. मग ती माझ्या घरी, माझ्या दिवंगत यजमानांच्या कोटांच्या कपाटात उभी केली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली.

"तुमच्याकडे कोण येतं?"

"पोस्टमन. तोही दारापर्यंत."

"त्याचं नाव टिपून ठेवतो."

आठवडाभर ते रोज येऊन कुलूप ओढून बघत. नात वर विचारत होती, आजोबा गिटार कुठे गेली, आणि ते तिला सांगत, तपासाला. रविवारी दुपारी त्यांनी कपाट उघडलं. सीलं शाबूत. त्यांनी बोटं लाल ठिपक्यांवर ठेवली आणि सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला.

मला संगीतातलं फक्त रेघांपुरतं कळतं, पण ते बेसूर होतं हे मलाही कळलं.

भावोजींनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी त्यांच्या डोळ्यांत याआधी पाहिली नव्हती. पाहिली असेल त्या मीटरवाल्यांनी.

"वहिनी, या कपाटाला दुसरी किल्ली आहे का?"

"भावोजी," मी म्हणाले, "मी या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात. तुमचा डबा मी भरलाय. तुम्हाला मिसरूड फुटलं तेव्हा पहिला वस्तरा मी तुम्हाला तुमच्या भावाकडून मागून दिलाय. आणि आता मी तुमच्या तारा उतरवते?"

"मी फक्त विचारलं."

"तिलाही फक्त विचारलंत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, त्यामुळे मी थांबले नाही. "आता इथून उठायचं नाही. ठेवा ती टेबलावर. मी हात लावत नाही, तुम्हीही लावायचा नाही. दोघं बघत बसू, कोण येऊन उतरवतं ते."

"पण आधी लावायला हवी."

"मग लावा."

"मला कुठे येते? दुकानदारच..." ते अडखळले. "बाईंनी दाखवलं होतं. जाड तारेवरून."

माझ्या यजमानांची पक्कड मी काढून दिली. त्यांनी स्वतःच मारलेली सीलं एकेक करून कापली. मग जाड तार पाचव्या पट्टीपाशी दाबून छेडली, शेजारची मोकळी छेडली, पुन्हा ती, पुन्हा ही. कान लाकडाला जवळजवळ टेकवला. खुंटी थोडी पिळली. पुन्हा छेडली. दोन आवाज होते ते हळूहळू एक झाले, आणि ते एकदम ताठ बसले.

"वहिनी, हा तर तपासणी मीटर आहे."

"म्हणजे?"

"एखाद्या मीटरवर संशय आला की शेजारी आपला मीटर जोडायचा आणि दोघांचे आकडे ताडायचे. फरक पडला की सापडला. इथे ही तार त्या तारेचा मीटर. बाईंनी असं का नाही सांगितलं?"

"तिने कुठे मीटर पकडलेत?"

पुढचा तासभर त्यांना माझी आठवण नव्हती. त्या एका तारेपाशी आल्यावर त्यांनी मुद्दाम पाचव्या पट्टीवर जुळवून बघितलं, बाईंना पकडायला. मग कॉर्ड वाजवला, तोंड कडू केलं आणि माझ्याकडे न बघता बोट चौथीवर आणलं. कॉर्ड स्वच्छ वाजला. काही वेळा न बोलण्यातच मजा असते.

मग गिटार टेबलावर ठेवली आणि आम्ही दोन बाजूंनी दोन खुर्च्या घेऊन बसलो. मी विणकामही घेतलं नाही, उद्या म्हणतील पंचांचं लक्ष टाक्यांत होतं. चहा केला तोसुद्धा दार उघडं ठेवून, त्यांना मी दिसेन अशी उभी राहून. चहा पिऊन झाला. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. त्यांनी उठून तार दाबली, छेडली, शेजारची छेडली.

दोन आवाज.

"कोणी आलं होतं?" मी विचारलं.

"नाही."

"मी हात लावला?"

"नाही."

त्यांनी पुन्हा जुळवली. पुन्हा आम्ही बसलो. पुन्हा ती उतरली, या वेळी थोडी कमी. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

"आपोआप," ते म्हणाले. परक्या घरातलं भांडं उचलावं तसा त्यांनी तो शब्द उचलला होता.

"एक शिंपी होता, वहिनी. मीटर मंद. सील शाबूत, काच शाबूत, लोहचुंबक नाही, काही नाही. म्हणायचा, आपोआप झालं. मी त्याची लाइन तोडली. मला वाटलं, याने कसं केलं ते मला सापडत नाही एवढंच."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या खेपेला गेलो तर तिथे दुसरं दुकान होतं." ते खुंटीवरून अंगठा फिरवत राहिले. "इतक्या जणांमध्ये एखादा तरी खरं बोलत असेल ना?"

खोटं उत्तर दिलं असतं तर त्यांनी ते लगेच ओळखलं असतं, म्हणून मी चहाचे कप उचलले.

आम्ही वर गेलो तेव्हा सून पॅसेजमध्ये होती. एक खोका उघडा होता, त्यात नातीचे लोकरीचे कपडे घड्या घालून ठेवलेले. मी ते पाहिले आणि भावोजींनीही पाहिले.

ते गिटार धरून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. घसा साफ केला.

"तपासणी झाली," ते म्हणाले.

"आणि?" तिने मान वर केली नाही.

"तक्रारीत तथ्य आढळलं नाही."

हे त्यांच्या खात्यातलं वाक्य. जाऊ असताना एकदा त्यांनी फुशारकीने सांगितलं होतं की हे वाक्य आपण नोकरीत एकदाही वापरलेलं नाही.

"म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे तार आपोआप उतरते."

"हे मी कधीच सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"मग मी ऐकलं नाही." त्यांनी खिशातून कापलेल्या शिशाच्या गोळ्या काढल्या आणि चपलांच्या स्टँडवर ओळीने ठेवल्या. "पंचांना विचार हवं तर."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. "मोठी काकू, काय म्हणतात पंच?"

"पंचांवरच संशय घेतला त्यांनी," मी म्हणाले. "कपाटाला दुसरी किल्ली आहे का, विचारलं मला."

"तुम्हाला?"

"मला. वस्तऱ्याची गोष्ट काढावी लागली."

तिला हसायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. ती ओठ दाबून खोक्यात बघत राहिली, पण खांदे हलायला लागले आणि मग तिचा इलाजच चालला नाही. भावोजी गंभीरपणे उभे होते. आपल्या माघारी आपली थट्टा होते असा त्यांना आयुष्यभर संशय होता. आता ती समोरच चालली होती आणि त्यांना बरं वाटत असावं.

आता ते आठवड्यातून एकदा बाईकडे जातात आणि एकदा दुकानदाराकडे. बाईंना सांगतात, तो दुकानदार लोकांना आंधळं ठेवतो. दुकानदाराला सांगतात, बाई लोकांना उपाशी ठेवतात. चौथ्या पट्टीचं कारण बाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं म्हणे. ते पटलं की नाही, विचारलं तर म्हणतात, प्रकरण अजून बंद केलेलं नाही. तारा रोज लावून लावून बऱ्याच ठरल्या आहेत. नात गाते. मधूनच स्वयंपाकघरातून, हेडफोनचा माइक हाताने झाकून, सुनेचा आवाज येतो, "बाबा, दुसरी!" आणि ते मुकाट्याने दुसरी तार चढवतात. तिला कसं कळलं, असं विचारत नाहीत.

लोकरीचे कपडे कपाटात परत गेले. खोके मात्र पॅसेजमध्ये तसेच आहेत. नव्या घराचं काय झालं ते मी विचारलेलं नाही, भावोजींनीही नाही. फक्त सकाळी दूध आणायला निघताना ते वरच्या खोक्याला पायाने हळूच ढकलून बघतात, हलका आहे ना. परवा मी जिन्यात होते, तेव्हा आतून सून म्हणाली,

"रिकामाच आहे, बाबा. उघडून बघा हवं तर."

"मी कुठे बघतोय?" भावोजी म्हणाले, आणि पिशवी घेऊन खाली उतरले.